भिंतीमागचं खाचर

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत तळघराच्या ओल्या भिंतींना ‘आतून दोन कोट वॉटरप्रूफिंग मारा’ असा सल्ला वाचला. हे कोट मी तीन वेळा मारून घेतले आहेत, म्हणून हे पत्र.

आमचं रो हाऊस बावधनला, उताराला टेकून आहे. गाडी लावतो त्याच्या मागची खोली टेकडी खोदून काढलेली. तिची मागची भिंत बाहेरून पूर्ण मातीत. तिथे धान्याच्या कोठ्या, गाद्या आणि शाळेतून निवृत्त होताना सोबत आणलेल्या जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या ठेवल्या होत्या. ताबा जून २०१८चा. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात, पुण्यात ओढ्यांना पूर आले तेव्हा, भिंतीच्या तळाशी लोणा धरला. मग रंगाला फुगे आले, पोपडे सुटले, आणि एका सकाळी पाहते तर महाराष्ट्राच्या नकाशात कोकणावर बुरशी चढलेली. देशावर थोडी कमी होती, एवढाच दिलासा.

बांधकाम व्यावसायिकाची माणसं आली, पोपडे खरवडून लेप देऊन गेली. दिवाळीपर्यंत भिंत छान. पुढच्या श्रावणात लेपासकट रंग गळून पडला. दुसऱ्या लेपाची तीच गत. तिसरा आमच्या पैशाने. आतून दिलेल्या लेपाला पाणी मागून ढकलत असतं हे लेप देणाऱ्यांपैकी एकालाही सांगावंसं वाटलं नाही. भिंतीमागे मीटरभर पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. त्यापुढे रंगाच्या डब्यावरच्या हमीचं काय चालणार?

मुळशीकडच्या एका गवंडीमामांनी भिंतीवर नुसता हात फिरवला आणि विचारलं, ‘‘बाई, मागं भात लावलाय का? खाचर आहे हे.’’ मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मुरमातून झिरपलेलं पाणी खाली कठीण पाषाण लागला की आडवं वाहतं, ही आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल. त्या आकृतीत माझंच घर मध्ये उभं आहे, हे मात्र मामांनी सांगावं लागलं.

त्यांनी आधी एक साधी परीक्षा करायला लावली. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवायचा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतलं बाष्प, खिडकी उघडा. कागदामागे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. आमचा कागद मागून निथळत होता. वरच्या बंगल्याची ड्रेनेज लाइन फुटलेली नाही, हेही पाहून घेतलं.

मग एप्रिलात, जमीन कोरडी असताना, भिंतीच्या बाहेरून खोलीच्या फरशीखालपर्यंत चर खणला. एकदम नाही, दोन-दोन मीटरचे तुकडे करून आणि फळ्यांचा आधार देऊन. ओली माती माणसासकट बसते. उघडी पडलेली काँक्रीटची बाजू मधाच्या पोळ्यासारखी पोकळ होती. ती भरून लेप दिला, पण या वेळी बाहेरून. तळाशी छिद्रांचा पाइप उतार धरून टाकला, भोवती खडी, खडीभोवती गाळणीचं कापड, आणि पाइपाचं तोंड खालच्या अंगाला मोकळं. खर्च तिन्ही लेपांपेक्षा कितीतरी जास्त झाला, आणि बागेतला पारिजातक गेला. त्यानंतरचे दोन्ही पावसाळे भिंत कोरडी आहे.

कायद्याचं एक सांगायलाच हवं, कारण माझी चूक तिथे झाली. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. मी सगळं फोनवर बोलत राहिले. माणसं गोड होती, येतो म्हणायची आणि यायचीही. पाच वर्षं संपल्यावर मुदत संपली म्हणाले, तेव्हा माझ्याकडे तारखेचा एक कागद नव्हता. पहिला पोपडा सुटेल त्या दिवशी फोटोसकट लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि महापालिकेला विनंती, उतारावरच्या बांधकामाचे नकाशे मंजूर करताना मातीत गाडलेल्या भिंतीमागचं पाणी कुठून जाणार, ती रेघ नकाशात दाखवायला लावा.

आमच्या पाइपातून आता डिसेंबरपर्यंत पाणी येतं. ऑक्टोबरात मोजलं, पंधरा लिटरची बादली अकरा मिनिटांत भरली. म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन हजार लिटर. ते झाडांसाठी सोसायटीच्या टाकीत घ्यावं, असा विषय मी गेल्या सभेत दिला होता. उन्हाळ्यातल्या टँकरची बिलं मंजूर करण्यातच रात्रीचे नऊ वाजले, त्यामुळे तो पुढच्या सभेवर गेला आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, बावधन, पुणे