इंग्रजीच्या तासाला मराठी चोरून का बोलायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक सूचना हमखास मिळते: वर्गात फक्त इंग्रजीच बोला. आम्ही माना डोलावतो, शाळेत परततो आणि मराठीतच शिकवतो. तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरते ‘ओपन युवर बुक्स’. ही लपवाछपवी आता बंद व्हावी म्हणून हे पत्र.

युगांडातील मकेरेरे येथे १९६१ साली इंग्रजी अध्यापनावर राष्ट्रकुलातील देशांची परिषद झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, या समजुतीला तिथे वजन आले. मुलांची भाषा न येणाऱ्या परदेशी शिक्षकाच्या ती सोयीचीच होती. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये ही समजूत भ्रामक ठरवली. त्याच्याही आधी, १९६७ साली, वेल्समधील सी. जे. डॉडसन यांनी मातृभाषेचा हिशेबी वापर करणारी द्विभाषिक पद्धत मांडली होती. आपल्याकडची सूचना मात्र जागची हललेली नाही.

मुले चुकतात कुठे ते बघा. ‘डिड यू वेंट?’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. ‘तू गेलास का?’ यात भूतकाळ ‘गेलास’मध्ये असतो, म्हणून मूल तो ‘गो’वरही चढवते. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली आणि भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचललाय हे मराठीत सांगितले, की मुले एकमेकांची वाक्ये दुरुस्त करू लागतात. ‘अ’ आणि ‘द’चेही तसेच. मराठीत आर्टिकल नाही, पण ‘एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या’ हे प्रत्येकाने ऐकलेले असते. पहिल्यांदा भेटला तो ‘अ किंग’, ओळखीचा झाला की ‘द किंग’. हे इंग्रजीतून समजावायला जेवढी इंग्रजी लागते तेवढी मुलांना येत असती, तर हा धडा घ्यावाच लागला नसता!

दुसरी बाजूही आहे. धड्याची एक ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा, मुलांनी तो पेन्सिलीने ओळीवर लिहायचा, प्रश्नोत्तरे गाईडमधून उतरवायची. असा तास मीही शाळेत असताना अनुभवलाय, आजही तो अनेक ठिकाणी चालतो. त्यात मुलाच्या तोंडून इंग्रजीचे एक वाक्य निघत नाही. त्याचे समर्थन मी करणार नाही. रोजच्या सूचना, गोष्टी, खेळ, गप्पा इंग्रजीतच हव्यात. मुलांना इंग्रजी ऐकायला दुसरी जागा आहेच कुठे? मराठी हवी ती व्याकरण उलगडताना, अवघड कल्पना सांगताना आणि भेदरलेल्या मुलाला बोलते करताना. पण मराठीवर सरसकट बंदी असल्यामुळे ती कुठे वापरावी आणि कुठे आवरावी, हे कुणी शिकवतच नाही.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. बालभारतीने पहिलीसाठी द्विभाषिक पुस्तकेही काढली आणि २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शिक्षकांना द्विभाषिक पद्धत वापरायला सांगते. धोरण एक बोलते, प्रशिक्षण दुसरेच.

आणि मातृभाषा म्हणजे मराठीच, हे तरी कुठे खरे? आमच्या जिल्ह्यात मेळघाटातील मुले घरी कोरकू बोलतात. ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. या मुलांना ‘मराठीतून इंग्रजी’ म्हणजे एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा. तिथल्या शिक्षकांसाठी निदान नेहमीच्या दोनशे-तीनशे शब्दांची कोरकू-मराठी-इंग्रजी पुस्तिका काढावी आणि ती गावातल्या कोरकू बोलणाऱ्या माणसांना सोबत घेऊन करावी. इंग्रजीच्या प्रशिक्षणातला एक दिवस त्यासाठी दिला तरी पुष्कळ होईल.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका, जि. अमरावती