प्रार्थना छापली, धरण गाळले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, कॅनडातल्या अल्गॉन्क्विन आदिवासींचे दिवंगत ज्येष्ठ विल्यम कमांडा यांच्यावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. झाडे, पाणी, गरुडाचे पीस, धरतीमाता, सर्वांवर प्रेम. पानभर मजकुरात वंशद्वेषाला मिळाली एक ओळ, आणि तीही त्यांनी तो विसरून सर्वांना क्षमा केली, एवढे सांगण्यापुरती. कमांडा क्षमेबद्दल बोलत, हे खरेच आहे. पण क्षमा कशाबद्दल, हे वाचकाला कळायला नको का?

लेखकाने ओटावा नदीवरच्या शोदिएर धबधब्याचे फार सुंदर वर्णन केले आहे. मी याच ओटावा शहरात राहते. तो धबधबा लेखात आहे तसा राहिलेला नाही. १९१० पासून त्याला धरणाचे कडे आहे आणि पाणी वीज कंपनीच्या हिशेबाने सुटते. १६१३ साली फ्रेंच शोधप्रवासी शाम्प्लेन इथून गेला, तेव्हा अल्गॉन्क्विन लोक इथे तंबाखू अर्पण करत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे काठावर लाकडाच्या आणि कागदाच्या गिरण्या आल्या. कॅनडाची संसद जिथे उभी आहे, ती जमीनसुद्धा अल्गॉन्क्विनांनी कुठल्याही करारात लिहून दिलेली नाही. धबधबा मोकळा व्हावा, शेजारच्या व्हिक्टोरिया बेटावर सगळ्या वंशांच्या लोकांना एकत्र येता येईल असे केंद्र व्हावे, हा कमांडांचा ध्यास होता. २०११ साली ते गेले. त्यानंतर धबधब्याला लागून इमारतींचा मोठा प्रकल्प मंजूर झाला. पिक्वाकनागन या वसाहतीतल्या अल्गॉन्क्विनांनी विकासकांशी सहकार्य केले, बाकीच्या बहुतेक अल्गॉन्क्विन प्रमुखांनी विरोध केला. २०२१ मध्ये नदीवरच्या जुन्या रेल्वे पुलाला कमांडांचे नाव दिले. नाव देणे सोपे होते. यातले एक अक्षर तुमच्या लेखात नाही.

कमांडा १९५१ ते १९७० किटिगन झिबी या अल्गॉन्क्विन वसाहतीचे प्रमुख होते, हे लेखात आहे. १९२७ पासून १९५१ पर्यंत कॅनडात आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यासाठी सरकारच्या परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणे हा गुन्हा होता, हे मात्र नाही. वकिलाची फी जमवायची तरी कायदा आडवा. राखीव वसाहतीतल्या लोकांना आदिवासी म्हणून असलेला आपला कायदेशीर दर्जा न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत देता यायला लागले १९६० साली. म्हणजे ज्या प्रमुखाच्या शांत चेहऱ्याचे तुम्ही कौतुक करता, त्याच्या लोकांना त्याच्या कारकिर्दीची पहिली नऊ वर्षे मताचा अधिकार नव्हता. अशा माणसाने मणी गुंफलेले जुने वाम्पम पट्टे जपले. त्यातल्या एका पट्ट्यावर तीन माणसे हात धरून उभी आहेत. मध्ये अल्गॉन्क्विन, दोन बाजूंना फ्रेंच आणि इंग्रज. जमीन मिळून वापरायची, असा तो करार. कमांडा हा पट्टा लोकांपुढे धरत तेव्हा पाहुण्यांनी मोडलेला शब्दही समोर येई. त्यांचा निसर्ग, त्यांची प्रार्थना आणि त्यांच्या लोकांवरचा अन्याय अशी तीन वेगळी पाने करताच येत नाहीत.

मला इतका राग का आला, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी इथल्या आम्हा मराठी लोकांच्या एका कार्यक्रमात सुरुवातीला मूळ रहिवाशांपैकी कोणी आशीर्वाद द्यावा असे ठरले. एका अल्गॉन्क्विन आजींना बोलावण्याचे काम माझ्याकडे आले. अशा ज्येष्ठांना विनंती करताना तंबाखू द्यायची असते, म्हणून ती कापडात बांधून मी त्यांच्या घरी गेले. आजी आल्या. पाण्याबद्दल बोलल्या, टाळ्या पडल्या. मग त्या आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलू लागल्या. त्याला आमोस गावाजवळच्या निवासी शाळेत, म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या शाळेत, नेले होते. ही शाळा १९५५ ते १९७३ चालली. घरची भाषा बोलला म्हणून त्याला मार बसे, इथपर्यंत त्या आल्या आणि सूत्रसंचालकाने ‘वेळेअभावी’ म्हणत माइक घेतला. हातात शाल-श्रीफळ दिले, फोटो काढला. त्यानंतर प्रायोजकांचे सत्कार एकही न वगळता झाले. परत सोडायला जाताना गाडीत आजी गप्प होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना फोन करून भांडले. उत्तर मिळाले, ‘अहो ताई, सणाच्या दिवशी रडगाणे कशाला?’

तुमच्या संपादकीय विभागातही असेच कोणी म्हणाले असेल का? आदिवासी म्हाताऱ्या माणसाकडून आशीर्वाद सगळ्यांना हवा असतो. त्याच्या भावाचे काय झाले, हे ऐकायला कोणी थांबत नाही. आणि हे सगळे जुने झाले असेही नाही. चॉक रिव्हर या गावी ओटावा नदीपासूनच साधारण एक किलोमीटरवर किरणोत्सारी कचरा पुरायचे ठरले, त्याविरुद्ध केबावेक या वसाहतीचे अल्गॉन्क्विन कोर्टात गेले. २०२५च्या फेब्रुवारीत फेडरल कोर्टाने त्यांच्याशी झालेली सल्लामसलत अपुरी ठरवली. त्या अर्जदारांच्या लढ्यातही तोच निसर्ग आहे, तेच अध्यात्म आहे. ते तुमच्या पुरवणीत कधी येईल?

आणखी एक. लेखासोबतचे चित्र वाळवंटातल्या घोडेस्वाराचे आहे. अल्गॉन्क्विन हे जंगलातले, नद्यांवरचे लोक, आणि कमांडा तर भूर्जसालीच्या होड्या बांधणारे नामांकित कारागीर! होडीचे चित्र शोधणे इतके अवघड होते का?

माझे मागचे पत्र तुम्ही निम्मे कापून छापले होते. हे लांबले असेल तर माझा प्रसंग खुशाल काढा. धरणाचा आणि १९२७च्या कायद्याचा मजकूर मात्र कापू नका, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, ओटावा