डिस्नीचा मील प्लॅन आणि तुमची वेगळी खोली

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर सांगितलं असतं, पण आई मध्येच "बरं बरं, तुमच्या सोयीनं करा" म्हणते आणि मग दोन दिवस गप्प बसते, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. शेवटपर्यंत वाचा आणि मगच दादाला फोन करा.

डिसेंबरचं ऑर्लँडोच्या डिस्नीचं बुकिंग झालं. पैसेही भरले, त्यामुळे "कशाला एवढं" हा विषय बंद. बुकिंगं दोन केलीत, एक आमच्या तिघांचं, एक तुमच्या दोघांचं. आमच्यावर मील प्लॅन आहे, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरलेले, तुमच्यावर नाही. हे वाचून तुमच्या मनात काय येणार ते मला माहितीये, माईआत्याकडे काय झालं ते आपण सगळ्यांनीच बघितलंय. तसलं काही नाहीये हे. तिथला नियमच असा आहे की एका बुकिंगमधे 3 वर्षांचे आणि त्यावरचे जेवढे असतील त्या सगळ्यांना तोच प्लॅन घ्यावा लागतो, तिघांना हवा आणि दोघांना नको असं चालत नाही, आणि घेतला की जितक्या रात्री राहणार तितक्या सगळ्या रात्रींचा.

आम्ही घेतलाय तो क्विक सर्व्हिसवाला. रात्रीमागे माणशी दोन जेवणं, एक स्नॅक, आणि एक मग मिळतो जो हॉटेलवर हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा (ईराला सगळ्या ट्रिपमधे त्या मगचंच कौतुक आहे). जेवण म्हणजे मोबाईलवर ऑर्डर द्यायची आणि काउंटरवरून ट्रे उचलायचा, बर्गर, पिझ्झा, सॅलड, असलं. मोठ्या माणसाला रोजचे साठेक डॉलर पडतात. बाबा, लगेच रुपयात करू नका. निखिल आणि ईरा दिवसभर चरत असतात, आमचे पैसे वसूल होतील. तुम्ही दोन घास खाऊन ट्रे बाजूला सारणार, आई मार्गशीर्षातला गुरुवार धरणार, आणि उरलेली क्रेडिट्स, म्हणजे न घेतलेली जेवणं, चेकआउटच्या दिवशी रात्री बाराला संपतात, परत काही मिळत नाही. मग आई "भरलेत ना पैसे" म्हणून पिशवीत मफिन गोळा करणार, बाबा ते संपवत बसणार आणि जानेवारीत तीन महिन्यांची शुगर आली की मी पुण्याला फोन करून ओरडणार. हे सगळं मला आत्ताच दिसतंय.

पण पैसे वाचवायला नाही हां केलं हे. तुमची खोली आमच्यापेक्षा महाग आहे, झालं का समाधान? आमचा एका खोलीचा स्टुडिओ आहे आणि तुम्हाला वन बेडरूम घेतलाय, कारण पूर्ण किचन त्यातच असतं. ॲनिमल किंगडम लॉज म्हणून डिस्नीचंच हॉटेल आहे, त्यातला किडानी व्हिलेजचा भाग. शेगडी इलेक्ट्रिकची, मोठा फ्रिज, मायक्रोवेव्ह, ताटं-वाट्या, कपड्यांचं मशीन आणि ड्रायरसुद्धा आतच, म्हणजे बाबांना बाथरूममधे बनियन पिळत बसायला नको. खोल्या जवळजवळ द्या म्हणून सांगून ठेवलंय, ते तसं वचन देत नाहीत पण प्रयत्न करतात. बाल्कनीसमोर मोकळं गवत आणि त्यात जिराफ, झेब्रे फिरत असतात. बाबा पहाटे पाचला उठून आलं घातलेला चहा घेऊन तिथे बसणार आणि आम्हाला कोणालाही उठवणार नाहीत, असं मी धरून चाललेय.

आणि आई, किचन आहे म्हणजे तू स्वयंपाक करायचास असा अर्थ नाही. आम्ही अटलांटाहून गाडीनंच येणार आहोत, लहान कुकर, तूरडाळ, तांदूळ, साबुदाणा, दाण्याचं कूट, सगळं डिकीत टाकून आणतेय. वरण-भात निखिल लावेल, त्याला येतो, तू नुसतं लिंबू पिळ. पोळ्या फ्रोजन.

मुख्य म्हणजे बाबांचं साडेबाराचं जेवण. गोळी घेतलेली असते आणि तिथे दुपारी सगळीकडे गर्दी, हव्या त्या वेळेचा स्लॉट मोबाईलवर मिळेलच असं नाही. पण डिस्नीत घरचं खाणं आत नेऊ देतात, आपल्याकडच्या पार्कसारखं गेटवर डबा काढून ठेवायला लावत नाहीत. काचेची बरणी नको, गरम करायला लागेल असं नको आणि उग्र वासाचं नको, म्हणजे आई, लसणाची चटणी बाद. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळपापडी चालेल (बाबांना अर्धी). पेशवे पार्कात फुलराणीतून उतरलं की तू त्या खाकी पिशवीतून तूप-साखर-पोळीची गुंडाळी काढायचीस आणि बाबा मला भेळवाला दिसू नये म्हणून लांबच्या बाजूनं न्यायचे, आणि शेवटी स्वतःच म्हणायचे, चिऊ, एक भेळ घ्यायची का गं, आईला सांगू नकोस. आई, तुला माहीत होतं ना ते? आता डबा मी भरणार, कुठल्या बाकावर बसायचं तेही मीच ठरवणार.

एक दिवस मात्र सगळे बरोबर बसून जेवायचं. तुमच्याच बिल्डिंगमधे सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे नान, कुलचे आणि बरोबर रायतं, चटण्या, लोणची असं सगळं समोर येतं आणि खिडकीतून जनावरं दिसतात. आमच्या प्लॅनमधे ते बसत नाही, त्यामुळे तिथलं बिल मी देणार आणि बाबांनी पाकिटाला हात लावायचा नाही. टेबल 60 दिवस आधी धरता येतं, गजर लावून ठेवलाय.

बाबा, डिस्नीचं तिथलं मॅजिक किंगडम पार्क 1971 सालचं आहे, तुमच्या लग्नाच्याही आधीचं, तेव्हा ते पोरांचं काहीतरी म्हणून हॉटेलवर बसून राहायचं नाही. एपकॉट म्हणून त्यांचं दुसरं पार्क आहे, तिथे तळ्याभोवती अकरा देश मांडलेत, ती फेरी दोनेक किलोमीटरची असेल, तळजाईला जाता त्यापेक्षा जास्त नाही. आईसाठी गेटवर व्हीलचेअर भाड्यानं घेणार. आई, "मी काय म्हातारी झाले का" हे आत्ताच बोलून घे, तिथे नको. विमानाच्या तिकिटावरही व्हीलचेअर टाकलीये.

दोघांची औषधं हँडबॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. सकाळी गार असतं, बाबांचा मरून स्वेटर आणा, तो उसवलेला नको. बाकरवडी आणा, फळं, भाज्या काही नको. उतरल्यावर खाण्याचं काही आहे का विचारलं की "हो" म्हणायचं आणि दाखवायचं, बाबा तिथे हुशारी करायची नाही. आणि निघायच्या आधी शुगर आणि क्रिएटिनिन करून रिपोर्ट मला व्हॉट्सॲप करा, या आठवड्यातच, दिवाळीनंतर बघू असं नको.

आई, तुला वन बेडरूम नकोच असेल, ईराजवळच झोपायचं असेल, तर ईराला तुमच्याकडे झोपायला पाठवीन. ती तयारच आहे, तिनं तिची उशी कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवलंय.

तुमची,
चिऊ

ता. क. दादाला खोलीची किंमत सांगू नका.