हार्ड डिस्कचं मी काय केलंय ते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी निघताना गाडीची घाई होती, म्हणून आता सविस्तर लिहिते. बाबा, दुपारी तुमचा डोळा लागला होता तेव्हा मी कॉम्प्युटरच्या पॉवर सेटिंग्ज बदलून ठेवल्या. तुम्हाला समोर बसवूनच करायचं होतं, पण आदल्या रात्रीचं तुमचं जागरण बघितलं होतं, उठवायला जीव होईना.

फोटो उघडेनात की तुम्ही ‘गेली डिस्क’ म्हणून कपाळाला हात लावून बसता, हे आईनं सांगितलं. बाबा, डिस्क ठणठणीत आहे. वीज वाचावी म्हणून विंडोज २० मिनिटं वापर नसला की तिची चकती थांबवतं. पुन्हा फोल्डर उघडला की ती वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात तुमचा जीव टांगणीला लागतो. म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’पुढे मी ‘नेव्हर’ केलंय, आणि वापर नसला की यूएसबीला जोडलेली वस्तू झोपवणारं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद केलंय. काही डिस्क स्वतःहूनही विसावतात, त्यामुळे क्वचित थोडं थांबावं लागलं तर घाबरू नका.

बिलाचं मनात येईलच तुमच्या. एवढीशी डिस्क फिरताना दोन-अडीच वॅट घेते. रात्रंदिवस चालली तरी महिन्याला २ युनिटंही होत नाहीत, आणि तुम्ही तर नऊ वाजता सगळं बंद करता. उलट सारखं थांबून पुन्हा सुरू होणं तिच्या मोटरला जड जातं, दर सिग्नलला स्कूटर बंद करून किक मारावी तसं.

ही लहान डिस्क वीज यूएसबीतूनच घेते. ती लांब वायर लावल्यावर वीज कमी पडून मधेच तुटायची. आता सोबत आलेल्या आखूड वायरनं मागच्या बाजूला थेट लावली आहे. टेबल थोडं पुढे ओढलंय. बाबांची खुर्ची, उशी, दिवा सगळं जागच्या जागी आहे.

आई, डिस्कवरचा तुझा विणलेला रुमाल मी घडी करून कपाटात ठेवलाय. किती सुरेख आहे गं तो! पण झाकल्यावर ती तापते. धूळ बसली तरी चालेल, मी आले की पुसेन.

आजीच्या ओव्या त्या डिस्कवरच आहेत ना. बाबांनी टेप लावून मला जात्याशेजारी गप्प बसवलं होतं, आणि तरी मधेच माझं ‘आजी, मला पण’ ऐकू येतंच. म्हणून सगळ्याची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर करून मी इकडे आणली आहे. तुमच्याकडचं काहीही काढलेलं नाही. घरात पाणी शिरो की वीज कडाडो, एक कॉपी दुसऱ्या गावी असलीच पाहिजे.

आता ऐका. वायर कधीही ओढून काढायची नाही. आधी खाली उजवीकडच्या चिन्हावरून ‘इजेक्ट’, मग डिस्कवरचा दिवा विझू द्यायचा, मगच हात लावायचा. लाइट गेली की यूपीएसवर फोटो बघत बसायचं नाही, लगेच शट डाउन. आणि मेन स्विच बंद करायचा तो त्यानंतरच, बाबा. खटखट असा आवाज आला तर काही न करता मला फोन करा, कितीही वाजलेले असोत.

गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर फोन करते. डिस्क कशी चालते ते सांगा, आणि बाबांचं बीपीही मोजून ठेवा.

तुमची,
सोनी