ब्रूटसला हवे असलेले सोने

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’वरील लेखात आशिया मायनरमधील सार्डिस शहराजवळच्या छावणीत सीझरच्या दोघा मारेकरी मित्रांत झालेले भांडण म्हणजे निष्कलंक ब्रूटस आणि लोभी कॅशियस यांचा सामना, असे म्हटले आहे. हा प्रवेश मी अनेक वर्षे वर्गात शिकवला असल्याने हा निवाडा मला मान्य करवत नाही.

ब्रूटसचा पहिला आरोप रास्तच आहे. लुशियस पेला नावाच्या अधिकाऱ्याने सार्डिसच्या लोकांकडून लाच खाल्ली आणि कॅशियसने त्याच्यासाठी रदबदलीची पत्रे लिहिली. न्यायासाठी सीझरचे रक्त सांडल्यावर आपणच लाचेने हात बरबटवायचे का, या प्रश्नाला उत्तर नाही. परंतु थोड्याच वेळात तोच ब्रूटस, सैन्याच्या पगारासाठी मागितलेले सोने कॅशियसने नाकारले म्हणून कडाडतो, आणि त्याच दमात सांगतो की, शेतकऱ्यांच्या घट्टे पडलेल्या हातांतून पैसा पिळून काढण्यापेक्षा मी माझ्या रक्ताच्या थेंबांची नाणी पाडीन. मग कॅशियसकडचे सोने कोणाच्या हातांतून आले होते? कॅशियस हे विचारतही नाही. त्याला लागले आहे ते मित्राने झिडकारल्याचे, म्हणून तो छाती उघडी करून खंजीर पुढे करतो आणि सोने नाकारणारा मी काळीज द्यायला तयार आहे, असे म्हणतो. लोभी माणसाच्या तोंडी हे शोभेल काय?

ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने तर मित्रांचा विरोध असूनही कॅशियसने ब्रूटसला द्रव्याचा तिसरा हिस्सा दिल्याचे लिहिले आहे. उलट, सायप्रसमधील सालामिस शहराला शेकडा ४८ व्याजाने दिलेले कर्ज प्रत्यक्षात ब्रूटसचे होते, हे त्यांचा समकालीन रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांतून कळते. त्याच्या वसुलीसाठी घोडेस्वारांनी नगरसभेला वेढा घातला, तेव्हा पाच सभासद उपासमारीने मेले.

इतिहास बाजूला ठेवला तरी नाटकातच पुरावा आहे. समेट होऊन मद्याचा पेला रिता झाल्यावर शत्रूशी लढण्यासाठी फिलिपीकडे कूच करण्याचा आग्रह धरताना ब्रूटस कारण देतो, ते असे की, वाटेवरच्या लोकांनी आपल्याला वर्गणी कुरकुरत दिली आहे आणि त्यांची निष्ठा केवळ बळजबरीची आहे. घट्टे पडलेले हात त्याच लोकांचे होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक