लाकडी भांड्यांसोबत माहितीची चिठ्ठी हवी

माननीय संपादक महोदय,

नॉनस्टिकचा आणि प्लास्टिकचा धसका घेतलेल्या शहरी घरांत लाकडी पळ्या, उलथनी, रव्या आणि काठवटी पुन्हा दिसू लागल्या आहेत, ही आनंदाची बाब आहे. मात्र त्यांची निगा राखण्याची रीत मागेच राहिली आहे. पोळपाट रात्रभर सिंकमध्ये भिजतो, सकाळी कडक उन्हात ठेवला जातो आणि कडेला चीर गेली की लाकूडच कच्चे होते, असा बोल कारागिराला लावला जातो.

ओले लाकूड फुगते ते मुख्यतः त्यातल्या तंतूंच्या रेषांच्या आडव्या दिशेने, आणि वाळताना रेषा जिथे संपतात त्या टोकांतून पाणी सर्वांत आधी निघून जात असल्याने चिरांची सुरुवातही बहुधा तिथूनच होते. त्यामुळे भांडे वापरल्याबरोबर धुऊन, पुसून, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे सावलीत उभे करावे. पोळपाटावर वाळलेली कणीक सुरीने खरवडण्याऐवजी त्यावर थोडा वेळ ओले फडके टाकावे. ती सहज सुटते. रवीचे काम मात्र जिकिरीचे, कारण तिच्या खाचांत लोणी अडकून आंबूस वास धरतो. गरम पाण्यात ताक घुसळावे तशी ती फिरवून पाणी बदलत राहिल्यास खाचा मोकळ्या होतात.

तेलाच्या बाबतीत बराच गोंधळ आहे. फोडणीचे शेंगदाणा तेल लाकडावर वाळत नाही, ते चिकट होऊन खवट होते. जवसाचे तेल हवेने सुकते, म्हणून खाण्याचे कच्चे जवस तेल अगदी पातळ चोळून, जास्तीचे पुसून, भांडे काही दिवस वाळू द्यावे. रंगाच्या दुकानातले ‘उकळलेले’ जवस तेल यासाठी वापरू नये, कारण ते लवकर सुकावे म्हणून त्यात सहसा धातूंची संयुगे मिसळलेली असतात. (तेल पुसलेली फडकी बोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवावीत.)

हे सारे लागू पडते ते उघड्या लाकडाला. लाखेचा थर दिलेली पळी उकळत्या आमटीत घातली, तर तो थर मऊ पडतो. पण हा फरक ग्राहकाला दुकानात कोणी सांगत नाही. तेव्हा हस्तकलेची प्रदर्शने भरवणाऱ्यांनी प्रत्येक वस्तूसोबत लाकूड कोणते, त्यावर तेल आहे, लाख आहे की व्हार्निश, आणि ती धुवावी कशी, एवढा मजकूर असलेली मराठी चिठ्ठी देणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक, ठाणे