कच्चा कट पाहिल्यावर

प्रिय राणी,

आपल्या कथकवरच्या फिल्मचा कच्चा कट काल रात्री दोनदा पाहिला. बारा मिनिटांत माझ्या हातांच्या सुरकुत्या सहा वेळा आल्यात. मोजल्या मी. एकदा दाखव, पुरे. सुरकुत्या कुणाच्याही हातावर येतात, त्यासाठी आयुष्यभर नाचावं लागत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू लगेच वाद घालतेस आणि मी लगेच माघार घेते. म्हणून पत्र.

माझ्या चक्करा तू स्लो मोशनमध्ये टाकल्यास. दिसतात छान, पण त्यात मी कुठे आहे? वेग उतरवला की पावलाचं वजनच नाहीसं होतं. मग विशीतली मुलगी काय आणि मी काय, दोघी सारख्याच तरंगतो. माझा गुडघा हल्ली आठव्या चक्करीला कुरकुरतो. म्हणून मी सातवीवर थांबते आणि समेपर्यंतच्या उरलेल्या मात्रा नुसत्या नजरेने भरते. तू नेमका तिथेच कट मारलास! अगं, वय दाखवायचं तर ते तिथे आहे. तिशीत मला तो थांबा सुचलाच नसता. सुचला असता तरी 'दमली' म्हणतील या धाकाने मी आणखी दोन चक्करा मारल्या असत्या.

शूटिंगच्या गडबडीत जपानी नर्तक काझुओ ओनोंची गोष्ट अर्धीच राहिली. 1929 मध्ये टोकियोत त्यांनी ला अर्जेंटिना या स्पॅनिश नर्तकीला नाचताना पाहिलं. तिला वाहिलेलं आपलं नृत्य त्यांनी रंगमंचावर आणलं 1977 मध्ये, वयाच्या 71व्या वर्षी. मधली 48 वर्षं ती नर्तकी त्यांच्या आत कुठे बसली असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. पॅरिस ऑपेराच्या बॅलेत मात्र 42व्या वर्षी निवृत्ती. तिथल्या नियमाने माझी ही फिल्म होऊच शकली नसती.

आता खुर्ची. त्या प्रसंगात तू नाचतेस आणि मी बसून कौतुकाने बघते. मला ती खुर्ची नको. बॅले नर्तकी मार्गो फॉन्टेन आणि तिचा जोडीदार नुरेयेव्ह 1962 मध्ये 'जिझेल' हा बॅले नाचले, तेव्हा ती 42 वर्षांची होती आणि तो 23 चा. तिला कुणी कडेला बसवलं नव्हतं. आपल्यातलं अंतर त्याहून बरंच जास्त आहे, कबूल; पण 'म्हातारी आठवते, तरुण नाचते' हे इतक्यांनी दाखवलंय की प्रेक्षक आपल्याआधी शेवट सांगतील. शिवाय तू माझ्याकडे बघत नाचतेस तेव्हा तुझा अभिनय गोड गोड होतो. बरोबरीने उभी राहिले तर तुला लय धरावी लागेल, मग चेहऱ्याकडे लक्ष राहणार नाही. (रागावू नकोस, हे आई म्हणून नाही, सहकलाकार म्हणून.)

रविवारी गुडघ्याने साथ दिली तर तो प्रसंग परत घेऊ.

आणि माझा श्वास परत टाक. तो पुसून तू तिथे बासरी घातलीस. धाप लागते तर लागते. तुझाही काढू नकोस. शेवटच्या तुकड्यानंतर तुलाही लागली होती, मी शेजारीच उभी होते.

तुझी,
आई